हिरव्या दाराचे सात थर

१. ओला रंग

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता म्हाताऱ्या रंगाऱ्याने त्या दारावर डकवलेली नोटीस स्वतःच्या डोळ्यांनी वाचली होती. दहा वाजून पाच मिनिटांनी तो भाचीला सोबत घेऊन परतला, तेव्हा दारावर नोटीस नव्हती. दारावर होता तो ओला हिरवा तेलरंग, आणि त्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता.

रंगारी जागच्या जागी थबकला. पंचावन्न वर्षे त्याने लोकांची घरे रंगवण्यात घालवली होती. भाची त्याला मामा म्हणे म्हणून गिऱ्हाइकेही मामाच म्हणत, आणि या नावाला तो आता स्वतःच्या नावापेक्षा लवकर ओ देत असे. त्या सकाळी तो केवळ अंदाज काढण्यासाठी आला होता. किती डबे लागतील, किती दिवस लागतील, एवढेच. कारण हे घर त्याची भाची विकत घेणार होती.

भाचीचा व्यवसाय शिवणकामाचा. नवरा गेल्यानंतर एकोणीस वर्षे तिने शाळांचे गणवेश शिवले आणि त्यातून जी पुंजी साठली ती सारी इसार म्हणून या घरावर लावली. उरलेल्या रकमेसाठी पतपेढीचे कर्ज मंजूर झाले होते. करारात स्पष्ट लिहिले होते की गुरुवारी संध्याकाळपर्यंत भाचीने खरेदीखत केले नाही तर इसार बुडाला.

"मामा, नीट आठवून सांगा. काय होतं कागदावर?"

"घरपट्टी थकलीय. सात वर्षांची. पंधरा दिवसांत भरली नाही तर जप्ती, आणि मग लिलाव."

त्याने रक्कम सांगितली. भाचीने ती मनातल्या मनात गणवेशांत मोजली, कारण जगातील कोणतीही रक्कम ती गणवेशांतच मोजत असे.

"दोन हजार गणवेश," ती म्हणाली आणि पायरीवर बसली.

एवढ्यात दाराशी तीन माणसे जमली होती. पहिला घरांचा दलाल. दोनच महिन्यांपूर्वी हा व्यवहार त्याच्या हाती आला होता, आणि त्याच्या उजव्या तळव्याला हिरवा रंग माखलेला होता. दुसरे घरमालकांचे, म्हणजे मास्तरांचे, जावईबापू. ते औषधांच्या दुकानात हिशेब लिहीत, आणि आता नाकाला रुमाल लावून खोकत उभे होते. तिसरा तसबिरींना चौकटी बसवणारा कारागीर, ज्याला सारी गल्ली तसबीरवाला म्हणे. घराच्या रस्त्याकडील खोलीत त्याचे भाड्याचे दुकान होते. त्याने लगबगीने भाचीसाठी पाणी आणले आणि दलालाला हात पुसण्यासाठी एक जुना कागद दिला. कुणा विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका होती ती. दलालाने अर्धी फाडून घेतली, तेव्हा तसबीरवाल्याने उरलेली अर्धी हाताने सारखी केली आणि पुन्हा गठ्ठ्यावर ठेवली.

"मामा, तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे ना?" दलाल हसत म्हणाला. "दुसऱ्या कुठल्या दारावर वाचली असेल."

"मोतीबिंदू डोळ्यात आहे, नाकात नाही," रंगारी म्हणाला. "हा रंग अर्ध्या तासाच्या आतला आहे. असं एक दार रंगवायला सराईत हाताला वीस मिनिटं लागतात. म्हणजे डबा आधीच तयार होता."

मग त्याने तिघांकडे एकेक करून पाहिले.

"आणि आत्ता या दाराशी तुम्ही तिघंच आहात."

२. तिघांचे जबाब

रंगाऱ्याने पहिल्यांदा दलालाला बाजूला घेतले. संशय त्याच्यावरच जात होता. व्यवहार मोडला तर दलाली जाणार, आणि हात तर रंगलेलाच.

"मी आलो तेव्हा दार ओलं होतं हो. ढकलायला गेलो आणि हात भरला, शर्टालाही लागला. ते बघा, ठसा आहे माझा."

खरोखर कडीच्या वर पाच बोटांचा पंजा स्पष्ट उमटला होता. रंगाऱ्याने तो बारकाईने न्याहाळला.

"शर्ट धुवून निघेल का, मामा?"

"शर्ट नाही. तू मात्र निघालास. दार रंगवणाऱ्याचा हात चुकून लागला तर तो वरून कुंचला फिरवतो. हा पंजा काम संपल्यानंतरचा आहे."

"बघा, देवाने हात दिले ते कामाला आले," दलाल म्हणाला. "घरपट्टीचं म्हणाल तर पावत्यांची फाइल माझ्याकडे आहे. दरवर्षीची पावती, खरा शिक्का. मी तर गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कर अगदी किरकोळ आहे."

हे खरे होते, आणि त्या वाक्यावर भाची तेव्हा फार खूश झाली होती, हेही रंगाऱ्याला आठवले.

जावईबापूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"मला हा वास सोसत नाही," ते म्हणाले. "सासऱ्यांनी चावी द्यायला पाठवलं म्हणून आलो. मला यातलं काही ठाऊक नाही. लग्नाला तीन वर्षं झाली, तेव्हापासून चौथ्यांदा हे घर बघतोय. लोक मला घरजावई म्हणतात, पण ज्या घरात राहतो ते बायकोच्या नावावर, आणि हे सासऱ्यांच्या. माझ्या नावावर फक्त स्कूटर आहे."

"सासरे स्वतः का आले नाहीत?"

"तिसरा मजला, आणि गुडघे. आठ वर्षांत खाली उतरले ते फक्त दवाखान्यात जायला."

तसबीरवाला मात्र मनमोकळा बोलला. त्याने स्टूल पुसून दिले आणि स्वतः उभा राहिला.

"मी आत काच कापत होतो, मामा. काच कापताना मान वर करता येत नाही. वास आला, पण मला वाटलं तुम्हीच काम सुरू केलंत. मास्तरांचा मी आठ वर्षांचा भाडेकरू. भाड्यातून घरपट्टी मीच भरतो आणि पावती त्यांना नेऊन देतो. थकबाकी कशी असेल?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "दलालाच्या हातात डबा बघितल्यासारखं वाटलं मला. पण उगाच कुणाचं नाव कशाला घ्या."

पंजाच्या ठशाने दलाल तर सुटला होता. मग मान खाली घालून काच कापणाऱ्या माणसाला नसलेला डबा कसा दिसला? रंगाऱ्याने तो विचार तूर्त गिळला. परंतु जाता जाता दाराजवळ तो पुन्हा वाकला, आणि एका गोष्टीने त्याला खिळवून ठेवले. नवा रंग आणि चौकटीवरचा जुना रंग यांत तिळमात्र फरक नव्हता. अशी जुळणी बाजारातल्या नव्या डब्यातून होत नाही. हा डबा या दारासाठीच कुणीतरी जपून ठेवला होता.

३. खिडकी क्रमांक चार

मंगळवारी मामा-भाची करवसुली कार्यालयात गेली. खिडकी क्रमांक चारवर चष्मा कपाळावर चढवलेली एक कारकूनबाई बसली होती. तिने फाइलमधील पावत्या एकेक करून पाहिल्या.

"पावत्या खऱ्या आहेत," ती म्हणाली.

भाचीने श्वास सोडला.

"पण या दुकानाच्या आहेत. घराच्या नाहीत."

आणि तिने नोंदवही उघडून दाखवली. आठ वर्षांपूर्वी मालकाने रस्त्याकडील खोलीचे दुकान करून भाड्याने दिले, तेव्हापासून एका इमारतीची दोन खाती झाली होती. दुकानाचे खाते स्वच्छ. घराच्या खात्यावर सात वर्षांत एकही पै जमा नाही.

"बाई, घर बंद होतं," भाची म्हणाली. "बंद घराला काही सवलत?"

"आमच्याकडे अशी सवलत नाही. बंद असो, उघडं असो, भिंती उभ्या आहेत ना?"

"आणि मी घर घेतलं तर? थकवलं तर मालकाने."

कारकूनबाईने चष्मा डोळ्यांवर घेतला. हा प्रश्न तिला रोज चार जण विचारत असावेत.

"हे बघा, घरपट्टी माणसाच्या नावावर दिसते, पण बसते ती घरावर. मालक बदलला तरी ती जागची हलत नाही. उद्या तुम्ही चावी घेतलीत की थकबाकीही तुमचीच. आम्ही जुन्या मालकाला शोधत नाही, आम्ही घर गाठतो. ते कुठे पळून जात नाही. म्हणून सांगते, पैसे मोजायच्या आधी इथून 'बाकी नाही' असा दाखला घ्यायचा असतो. पावत्या बघून भागत नाही."

"नोटिसा कुठे पाठवता?" रंगाऱ्याने विचारले.

"घराच्या पत्त्यावर. कुणी भेटलं नाही तर दारावर डकवतो. पहिलं वर्ष नुसतं थकतं, नोटीस दुसऱ्या वर्षापासून. याला सहा लागल्या आहेत, कालची सातवी."

संध्याकाळी ती दोघे मास्तरांच्या तिसऱ्या मजल्यावर चढली. मास्तर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, त्यांच्याच हातची चित्रे चौकटींत भिंतीवर टांगलेली. कणा ताठ, शब्द मोजका, आणि दुसऱ्याची चूक खोडण्याची सवय अजून गेलेली नव्हती.

"सात वर्षांत एक नोटीस माझ्यापर्यंत आलेली नाही," ते म्हणाले. "आणि कर मी भरलेला आहे. कमी होता, कारण घर बंद होतं. बंद घराला सवलत असते."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं, मास्तर?"

"असते. सर्वांना ठाऊक आहे. कार्यालयाने नोटीस दिली म्हणे. दाखवा मला एक तरी. मी कोर्टात जाईन." मग ते भाचीकडे वळले. "बाई, मला वाटतं तुम्ही या रंगाऱ्याला पुढे करून भाव पाडता आहात. गुरुवारी या, नाहीतर येऊ नका. इसाराचं काय होतं ते करारात लिहिलेलं आहे."

भाची जिना उतरली. खाली पोहोचल्यावर तिने हिशेब मांडला.

"घेतलं तर दोन हजार गणवेश अंगावर, आणि तेवढे पंधरा दिवसांत आणायचे कुठून? नाही आणले तर लिलाव. नाही घेतलं तर एकोणीस वर्षं गेली. मामा, यात तिसरी वाट कुठे आहे?"

"दारात आहे," रंगारी म्हणाला. "उद्या सकाळी पाते घेऊन जाऊ."

४. दाराने तोंड उघडले

बुधवारी सकाळी दाराकडे पाहताच रंगाऱ्याच्या सुरकुतलेल्या मुद्रेवर समाधान पसरले. बाकी दार काचेसारखे चकाकत होते. परंतु मध्यभागी, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, बारीक बारीक फोड उठले होते, आणि त्या फोडांचा आकार होता मोठ्या कागदाएवढा लांबट चौकोन.

"ओल्या दारावर तेलरंग धरत नाही," तो भाचीला म्हणाला. "आत पाणी अडकतं आणि फोड येतो. एवढीच जागा ओली का होती, सांग."

"कागद भिजवला होता?"

"भिजवला, अलगद सोलला, आणि खळीचा डाग दिसू नये म्हणून वरून रंग दिला. घाईतला माणूस नखाने ओरबाडतो, सुरीने खरवडतो. इथे एक ओरखडा नाही."

मग त्याने पाते काढले आणि कडेला बोटभर जागेत रंग तिरका तासला. भाचीने जवळ येऊन पाहिले. आत हिरव्या रंगाच्या रेघा एकावर एक बसल्या होत्या, आणि दोन रेघांच्या मध्ये काळसर धुळीची केसाएवढी ओळ. तिने त्या अंगठ्याच्या नखाने मोजल्या. लगतच्या खिडकीवरही मामाने पाते चालवले. तिथे दोनच थर निघाले, खालचा आणि वरचा, जसे कुठल्याही चांगल्या कामात असतात.

"खिडकीला दोन हात. दाराला ते दोन, आणि वर आणखी सात. मधल्या धुळीची प्रत्येक ओळ म्हणजे रस्त्यावरची एका वर्षाची धूळ. रंगारी आधी घासतो, मग रंग देतो. याने कधीच घासलं नाही."

"सात नोटिसा," भाची हळूच म्हणाली.

"सात. आता बघ. दलाल आला दोन महिन्यांपूर्वी. जावईबापूंचं लग्न तीन वर्षांपूर्वीचं. त्यांनी खालचे थर द्यायचे कधी, पाळण्यातून? सात वर्षं या दाराशी कोण होतं? कागद न फाडता सोलायची कला कुणाच्या बोटांत आहे? डबा हाताशी ठेवायला बारा पावलांवर जागा कुणाची?"

भाचीने नकळत दुकानाकडे मान वळवली. आत तसबीरवाला शीळ घालत एका चौकटीला खिळे मारत होता.

"पण मामा, मास्तर म्हणतील की माझा भाडेकरू सोन्यासारखा आहे. रंगाचे पापुद्रे दाखवून ते ऐकायचे नाहीत. त्यांना नोटीस पाहिजे. आणि ती याने केव्हाच जाळली असेल."

रंगारी पाते पुसत राहिला. त्याच्या नजरेसमोर सोमवारचा तो क्षण होता. अर्धी फाटलेली उत्तरपत्रिका, आणि ती सारखी करून गठ्ठ्यावर ठेवणारा हात.

"हा माणूस कागद जाळत नाही," तो अखेरीस म्हणाला. "मला वाटतं त्या नोटिसा आपण काल पाहून आलो. त्यांच्यासमोर बसलो होतो."

५. भिंतीवरची सात चित्रे

दुपारी मास्तरांच्या खोलीत पाच माणसे होती. मास्तर आरामखुर्चीत. त्यांच्या शेजारी तसबीरवाला, कारण महिन्याचे भाडे आणून देण्याचा त्याचा तो दिवस होता. जावईबापू दाराशी. आणि समोर मामा-भाची.

भिंतीवर एका ओळीत सात चौकटी होत्या. नदीचा घाट, मास्तरांच्या दिवंगत पत्नीचे रेखाचित्र, एक बैलगाडी, फुलदाणी, आणखी काही. साऱ्या मास्तरांच्याच हातच्या.

"सुंदर आहेत," रंगारी म्हणाला, आणि तो खोटे बोलत नव्हता.

मास्तरांचा स्वर किंचित निवळला. "याची कृपा. दर वाढदिवसाला एक चित्र घेऊन जातो आणि चौकट बसवून आणतो. पैसे घेत नाही."

"मास्तरांकडून काय घ्यायचं," तसबीरवाला विनयाने म्हणाला.

"मास्तर, माझी एक विनंती आहे. ही पहिली चौकट मला मागून उघडू द्या. पुन्हा होती तशी बंद करून देतो."

"कशासाठी?"

"चित्राचा कागद पातळ असला की मागे जाड कागद घालावा लागतो. या चौकटींच्या मागे कोणता कागद घातलाय, ते मला बघायचंय."

मास्तरांनी खांदे उडवले. रंगाऱ्याने डावीकडची पहिली चौकट उतरवली, पालथी केली, पात्याने कडेची पट्टी सोडवली आणि पुठ्ठा उचलला.

पुठ्ठ्याखाली एक जुनी उत्तरपत्रिका होती. भूगोलाची. शंभरपैकी एकतीस गुण.

त्याने ती उलटली. मागची बाजू कोरी होती. दुसरे काहीही नव्हते.

तसबीरवाला हलकेच हसला. "रद्दी असते हो, मामा. जाडसर रद्दी."

"झालं समाधान?" मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आता धार होती. "चौकट बंद करा. जावईबापू, यांना जिना दाखवा. उद्या खरेदीखत करायचं नसेल तर इसार माझा."

६. मागची बाजू

रंगाऱ्याने पुठ्ठा पुन्हा बसवायला घेतला. परंतु त्याच क्षणी त्याला खिडकी क्रमांक चारचे एक वाक्य आठवले, आणि आपली चूक कोठे झाली ते त्याला लख्ख दिसले.

"मास्तर, ही चौकट कोणत्या वर्षाची?"

"पहिल्या. मी इथे राहायला आलो त्या वर्षाची."

"मग हिच्यात काही नसणारच. पहिल्या वर्षी नोटीस निघतच नाही. ती दुसऱ्या वर्षापासून. मला दुसरी चौकट द्या."

"पुरे झालं."

तेव्हा भाची उठली. ती मास्तरांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. गणवेशाचे माप घेताना उभी राहते तशी, सरळ.

"मास्तर, आणखी एकच. तिच्यात काही निघालं नाही तर इसार तुमचा. मी इथेच लिहून देते, उद्यापर्यंत थांबायलाही नको. माझा मामा रंगाच्या बाबतीत कधी चुकलेला मी पाहिला नाही."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिले. मग भिंतीकडे बोट केले.

दुसरी चौकट मास्तरांच्या पत्नीच्या रेखाचित्राची होती.

"मामा, ती नको," तसबीरवाला पटकन म्हणाला. "काच जुनी आहे, फुटेल. बाईंचं चित्र आहे."

"काच तूच बसवलीस ना?" रंगारी शांतपणे म्हणाला. "मग नाही फुटायची."

पट्टी सुटली. पुठ्ठा वर आला. खाली एक जाड पिवळसर कागद होता, कडांना खळीचे सुकलेले डाग, आणि एका कोपऱ्यात नखाएवढा हिरवा पापुद्रा चिकटलेला. रंगाऱ्याने तो कागद न वाचताच मास्तरांच्या मांडीवर ठेवला.

मास्तरांनी वाचला. आपले नाव, आपल्या घराचा खाते क्रमांक, सहा वर्षांपूर्वीची तारीख. आपल्या पत्नीच्या चेहऱ्यामागे सहा वर्षे काय होते, ते त्यांनी दोनदा वाचले.

"बाकीच्या काढा," ते म्हणाले.

जावईबापूंनी रुमाल खिशात घातला आणि स्वतः चौकटी उतरवल्या. एकूण सहा नोटिसा निघाल्या.

"सातवी?" भाचीने विचारले.

"दुकानात," तसबीरवाला म्हणाला. तो खाली बसला होता. "काचेखाली सुकत ठेवलीय. यंदाच्या चित्रासाठी."

मास्तरांनी मांडीवरचे कागद एकावर एक रचले. मग मास्तरांनीच विचारले, "का रे? माझ्याकडे काय कमी होतं तुला?"

"पहिल्या वर्षी मला खरंच माहीत नव्हतं, मास्तर. मला माझं बिल आलं, मी भरलं. दुसऱ्या वर्षी दारावर कागद बघितला. वाचला. शेवटी लिहिलं होतं, लिलाव." त्याने ओठ ओले केले. "आठ वर्षं मी त्या बंद घराच्या भिंतीला पाठ लावून बसतो. कुणी राहत नाही, कुणी झाडत नाही. मला वाटलं, असंच थकत गेलं तर एक दिवस बोली लागेल, आणि बोलीला आम्ही दोन-तीन माणसंच असू. तेवढे पैसे मी जमवले होते. तुम्ही विकायला काढाल असं कधी वाटलं नाही. सवलतीची थाप मीच मारली होती, तुम्ही विचारायला जाऊ नये म्हणून."

"आणि या नोटिसा माझ्याच भिंतीवर?"

तसबीरवाला ओशाळला. आतापर्यंतच्या कबुलीपेक्षा हेच सांगणे त्याला जड जात होते, असे रंगाऱ्याला वाटले.

"दुकानात ठेवायची भीती वाटायची. आणि फेकवत नव्हत्या, मास्तर. चांगला जाड कागद होता."

"मला विकत दे म्हणून एकदा तरी विचारायचंस," मास्तर म्हणाले. "मी पहिल्यांदा तुलाच दिलं असतं."

त्यानंतर मास्तरांनी कागद मागवला आणि शिक्षकाच्या टपोऱ्या अक्षरात स्वतःच लिहून दिले. भाचीच्या कर्जाच्या रकमेतून थकबाकी आणि दंड थेट करवसुलीच्या खिडकीवर जमा व्हावा, उरलेली रक्कम आपल्याला मिळावी, आणि 'बाकी नाही' हा दाखला हातात आल्यावरच खरेदीखतावर सही व्हावी. दंडाचा भाग दुकानाच्या अनामत रकमेतून ते कापून घेणार होते. तसबीरवाल्याचा जबाब कारकूनबाईपुढे होणार होता आणि महिनाअखेरीस दुकान रिकामे होणार होते.

"बाई, मी तुम्हाला भाव पाडता म्हणालो," ते भाचीला म्हणाले.

"म्हणालात."

"चुकलं माझं. सवलत खरी आहे का, हे मी खिडकीवर जाऊन कधीच विचारलं नाही. कमी पैसे जात होते, म्हणून विचारावंसं वाटलं नाही."

"मलाही नाही वाटलं," भाची म्हणाली. "कर किरकोळ आहे म्हटल्यावर मी दलालाला वरून चहा पाजला होता."

गुरुवारी दुपारी अडीच वाजता दाखल्यावर शिक्का पडला, आणि चार वाजता मास्तरांच्या खोलीतच खरेदीखतावर सह्या झाल्या. कारकूनबाईने दाखला देताना चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, "याची दुसरी प्रत जपून ठेवा. पहिली हरवायचीच असते."

महिनाअखेरच्या शनिवारी रंगाऱ्याने ते दार थेट लाकडापर्यंत तासले. नऊच्या नऊ थर गळून पायरीवर हिरवा ढीग झाला. आठ वर्षांत दवाखान्याखेरीज मास्तर प्रथमच तीन मजले उतरून, जावईबापूंच्या खांद्यावर भार देऊन गल्लीत आले होते. ते रिकाम्या होत चाललेल्या दुकानात स्टुलावर बसले. तसबीरवाला आपले शेवटचे काम करत होता. मास्तरांनीच ते त्याला सांगितले होते, आणि मजुरीही आगाऊ मोजली होती. भाचीच्या दाखल्याला चौकट बसवायची होती.

त्याने काच पुसली, दाखला ठेवला, मागे कागद घातला आणि पुठ्ठा उचलला.

"थांब," मास्तर म्हणाले. "मागे काय घातलंस?"

"कोरा कागद, मास्तर."

दारातून रंगाऱ्याने ओला कुंचला तसाच हातात धरून मान आत घातली.

"दोन्ही बाजू दाखव," तो म्हणाला.